टाळ्या, बातम्या आणि आपला शेजारी



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी आपण अरण्यातील परीक्षेचे शुभवर्तमान ऐकतो. दगडांच्या भाकरी करण्याची परीक्षा आपल्याला चटकन समजते, कारण भूक सर्वांनाच ठाऊक आहे. जगातील राज्यांची परीक्षाही समजते. बारामती-इंदापूरच्या माणसाला सत्तेची ओढ काय असते हे वेगळे शिकवावे लागत नाही! पण मंदिराच्या उंच टोकावरून खाली उडी मारण्याच्या परीक्षेवरून मात्र आपण पुढे सरकतो. उडी मारून काय मिळणार होते, असे आपल्याला वाटते.

पुष्कळ काही मिळणार होते. देवदूतांनी येशूला अलगद झेलले असते, तर खाली उभे असलेले सारे यरुशलेम त्याला एका क्षणात ओळखू लागले असते. गालीलाच्या वाटा तुडवायला नकोत, कुष्ठरोग्यांच्या जवळ जायला नको, शिष्यांची समजूत घालत बसायला नको आणि शेवटी क्रूसही नको. एकच उडी आणि गावभर नाव. सैतानाने प्रभूला प्रसिद्धी देऊ केली आणि प्रभूने ती नाकारली. आज या परीक्षेविषयीच थोडे बोलावे असे आम्ही ठरवले आहे. कारण ते मंदिराचे टोक आता आपल्या प्रत्येकाच्या खिशात आले आहे.

मोढव्याचा मुलगा

6 ऑक्टोबर 2024, रविवारची रात्र. आपल्याच तालुक्यातील, मोरगावच्या बाजूच्या मोढवे गावचा सूरज चव्हाण 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचा विजेता ठरला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपलेला, बहिणींच्या आधाराने वाढलेला, शाळा अर्धवट सुटलेला आणि आपल्याला नीट वाचता येत नाही हे चारचौघांत न लपवणारा हा तरुण. आधी टिकटॉकवर त्याचे नाव झाले. जून 2020 च्या अखेरीस सरकारने त्या ॲपवर बंदी घातली आणि ती वाट बंद झाली. तरीही तो पुन्हा लोकांसमोर आला, 70 दिवस त्या घरात टिकला आणि 14 लाख 60 हजार रुपयांचे बक्षीस जिंकून गावी परतला.

'आता फादर टीव्ही बंद करायला सांगणार', असे काहींच्या मनात आले असेल. तसे नाही. आम्हालाही त्या रात्री आनंद झाला होता. आपल्या तरुणांनी दुसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात पेढे वाटले, त्यातला एक आम्हीही खाल्ला. ज्या मुलाकडे ना पैसा, ना पदवी, ना ओळख, त्याला लाखो लोकांनी आपले म्हटले, यात वाईट काय? सत्ताधीशांना सिंहासनावरून उतरवणाऱ्या आणि दीनांना उंचावणाऱ्या देवाची स्तुती पवित्र मरियेने केली आहे. दीन माणूस वर आला की ख्रिस्ती मनाला बरे वाटलेच पाहिजे.

प्रश्न त्यानंतर सुरू होतो. 25 एप्रिल 2025 रोजी केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा 'झापुक झुपूक' हा चित्रपट आला. त्याला अपेक्षेएवढा प्रतिसाद मिळाला नाही. आणि मग काय झाले? ज्या मोबाईलवरून मते गेली होती, त्याच मोबाईलवरून चेष्टा सुरू झाली. ज्या बोलण्याला आपण सहा महिन्यांपूर्वी 'निरागस' म्हणत होतो, तेच आता विनोदाचा विषय झाले. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे लग्न झाले. कोण आले, कोण आले नाही, नवरीने काय नेसले, घर केवढे बांधले, या सगळ्याचे तुकडे दिवसभर आपल्या हातात फिरत होते. ते लग्न एका घरातले मंगल कार्य होते की आपल्या करमणुकीचा कार्यक्रम होता?

सूरज तोच होता. ऑक्टोबरमध्येही तोच, एप्रिलमध्येही तोच. बदललो आपण. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने फार पूर्वी हे ओळखले होते. त्याच्या मते मानसन्मान ही जीवनाचे ध्येय करण्यासारखी गोष्ट नाही, कारण मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या हातात असतो. देणाऱ्याला कंटाळा आला की तो संपला. रील करून मोठे होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे वाक्य नव्हे, पण त्यातला अर्थ नीट लक्षात ठेवावा. आणि कंटाळा येणाऱ्या आपण मोठ्यांनी तर अधिकच.

नदीपलीकडची मुलगी

आणखी थोडे मागे जाऊ. इंदापूर तालुक्यातील सराटीचा पूल ओलांडून नीरा पार केली की अकलूज लागते. तिथली रिंकू राजगुरू ही शाळकरी मुलगी नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' चित्रपटात नायिका झाली. चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला, पण त्याआधीच तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली होती. मंजुळे हे जेऊरचे, म्हणजे तेही आपल्या शेजारच्या करमाळा तालुक्यातले. आपल्यासारखे बोलणारी, आपल्याच वाटांवरून बुलेट चालवणारी मुलगी पडद्यावर पाहून त्या उन्हाळ्यात आपल्याकडची गावेच्या गावे चित्रपटगृहांकडे निघाली होती.

त्या मुलीला त्याची किंमत काय मोजावी लागली? ती जाईल तिथे गर्दी होऊ लागली. इतकी, की तिचे नेहमीसारखे शाळेत जाणे अशक्य झाले आणि दहावीची परीक्षा तिने बाहेरून दिली. 2017 मध्ये तिचा निकाल लागला तेव्हा तिचे टक्के सर्व महाराष्ट्राने वाचले. 2019 मध्ये ती बारावीला बसली तेव्हा टेंभुर्णीच्या परीक्षा केंद्रावर पोलीस बंदोबस्ताचा विषय निघाला. सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलीला पेपर लिहिता यावा म्हणून पोलीस! ते कोणापासून तिचे रक्षण करणार होते? चोरांपासून नव्हे. तिच्यावर 'प्रेम' करणाऱ्यांपासून. म्हणजे आपल्यापासून.

आपल्या घरातील दहावीच्या मुलीचे टक्के शेजाऱ्यांनी विचारले तरी आपण अवघडतो. मग दुसऱ्याच्या मुलीचे टक्के वाचताना आपल्याला काहीच का वाटले नाही? कारण ती आपल्या लेखी मुलगी राहिली नव्हती, ती 'आर्ची' झाली होती. संत जॉन पॉल दुसरे हे पोप होण्याच्या कितीतरी आधी पोलंडमधील विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत असत. मनुष्य ही वापरण्याची वस्तू नव्हे, त्याच्याशी वागण्याची एकच योग्य रीत आहे व ती म्हणजे प्रेम, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. वापर केवळ पैशासाठी होतो असे नाही. आपला कंटाळा घालवण्यासाठी एखाद्याचे आयुष्य चघळणे, हाही वापरच आहे.

गाणे घरी आणले, शेवट तिथेच ठेवला

'सैराट'विषयी आणखी एक गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते. त्या चित्रपटातील 'झिंगाट' हे गाणे आजही आपल्या वरातींत वाजते. आपल्या ख्रिस्ती लग्नांतही वाजते, आणि नाचणाऱ्यांना आम्ही कधी अडवले नाही. पण त्या चित्रपटाचा शेवट आठवा. जातीबाहेर लग्न केलेल्या त्या दोघांना तिच्या माहेरची माणसे घरात येऊन मारून टाकतात. मागे राहते ते छोटे मूल आणि त्याची रक्ताळलेली पावले. शेवटी आवाजही नाही. चित्रपटगृहातून लोक सुन्न होऊन बाहेर पडले, पुष्कळांचे डोळे ओले होते.

त्यानंतर आपण काय केले? गाणे घरी आणले आणि शेवट चित्रपटगृहातच ठेवून आलो. सोयरीक जुळवताना 'ते मूळचे कोण?' हा प्रश्न आपल्या धर्मग्रामातही अजून कुजबुजत विचारला जातो, हे आम्हाला माहीत आहे. एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तशरीर घेणारी दोन घरे आपसांत मुलगी द्यायला तयार नसतात. आर्ची आणि परश्यासाठी रडलेले डोळे आपल्या शेजारच्या आर्चीसाठी कोरडे कसे राहतात?

संत ऑगस्टीन यांना हाच प्रश्न सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी पडला होता. तरुणपणी कार्थेज शहरात शिकत असताना त्यांना नाटकांचे फार वेड होते. रंगमंचावरील प्रेमिकांची ताटातूट पाहून ते रडत, आणि जितके अधिक रडू येई तितके नाटक चांगले वाटे. पुढे आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात त्यांनी स्वतःलाच विचारले की, ही कसली दया? या दयेने कोणाच्याही मदतीला धावून जावे लागत नाही. फक्त बसून दुःखी व्हायचे असते, आणि त्या दुःखाची गोडी घ्यायची असते.

त्याच ग्रंथात त्यांच्या अलिपियस नावाच्या मित्राची हकीकत आहे. रोममध्ये माणसांना माणसांकडून ठार करवण्याचे खेळ चालत. अलिपियसला त्यांचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढून नेले तेव्हा तो म्हणाला की, शरीराने आलो तरी मनाने येणार नाही, आणि डोळे घट्ट मिटून बसला. मध्येच गर्दीने प्रचंड आरोळी ठोकली. काय झाले हे पाहण्यासाठी त्याने डोळे उघडले, आणि मग त्याला ते मिटता आले नाहीत. तोही ओरडू लागला. नंतर तर इतरांना घेऊन तो पुन्हा पुन्हा तिथे जाऊ लागला. डोळे मिटले तरी कान उघडे होते, तिथूनच गर्दी आत शिरली! तुम्ही-आम्ही रात्री झोपण्यापूर्वी 'फक्त पाच मिनिटे' म्हणून मोबाईल हाती घेतो, तेव्हा अलिपियसची आठवण ठेवायला हरकत नाही. देवाच्या कृपेने तोही पुढे बदलला, बिशप झाला आणि संत म्हणून गौरवला गेला. त्यामुळे कोणी निराश होऊ नये.

आठवी आज्ञा आणि मनोरंजनाच्या बातम्या

आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. न्यायालयात उभे राहण्याची वेळ आपल्यापैकी थोड्यांवर येते, म्हणून या आज्ञेच्या बाबतीत आपण स्वतःला निर्दोष समजतो. पापनिवेदनाला येणारे शिव्या सांगतात, राग सांगतात, मिस्सा चुकली ते सांगतात. 'फादर, मी एक खोटी बातमी पुढे पाठवली', असे आजवर आम्हाला कोणी सांगितलेले नाही.

जून 2020 मध्ये सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याचा मृत्यू झाला. टाळेबंदीचे दिवस होते, सारे घरी होते. महिनोन्‌महिने रोज संध्याकाळी टीव्हीवर न्यायालय भरत होते. रिया चक्रवर्ती ही त्याची मैत्रीण दोषी आहे, असे सांगून टाकण्यात आले. तिच्यासाठी वापरलेले शब्द इथे लिहिता येणार नाहीत. सप्टेंबर 2020 मध्ये तिला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि सुमारे महिनाभराने जामीन मिळाला. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास चालू असताना माध्यमांनी असा न्यायनिवाडा करण्याबद्दल कडक शब्दांत सुनावले. मार्च 2025 मध्ये सीबीआयने मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. आरोपांची बातमी पाच महिने चालली. तपास बंद झाल्याची बातमी किती दिवस चालली? आणि 2020 मध्ये आपल्या ओट्यावर बसून ज्यांनी त्या मुलीला शिक्षा सुनावली होती, त्यांच्यापैकी किती जणांनी 2025 मध्ये मनातल्या मनात तरी तिची क्षमा मागितली?

दुसरी गोष्ट ताजी आहे. 11 नोव्हेंबर 2025 च्या सकाळी अभिनेते धर्मेंद्र यांचे निधन झाल्याची बातमी देशभर पसरली. मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजली वाहिली. धर्मेंद्र जिवंत होते, त्यांच्यावर उपचार चालू होते. त्यांच्या पत्नीला आणि मुलीला जाहीरपणे सांगावे लागले की ते हयात आहेत. त्यांचा मृत्यू पुढे 24 नोव्हेंबरला झाला. घरातला म्हातारा माणूस आजारी आहे, मुलेबाळे उशाशी बसली आहेत, आणि दारात जग हार घेऊन उभे आहे! आपल्यापैकी कोणाच्या घरी असे झाले असते तर?

ही चूक फक्त पत्रकारांची म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपल्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटातही त्या सकाळी हात जोडलेली चित्रे आली होती. ती पाठवणाऱ्यांत आपली चांगली, रोज जपमाळ म्हणणारी माणसे होती. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पहिले आपण सांगावे, एवढेच होते. हेच ते मंदिराचे टोक.

गर्दीतला एक

येशूभोवती गर्दी नव्हती असे कोणी समजू नये. त्याच्या मागे माणसांचे लोंढे होते. त्याने काही भाकरींवर हजारोंना जेवू घातले तेव्हा लोकांनी त्याला बळेच राजा करण्याचे ठरवले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याला सर्वाधिक मते पडली होती! आणि तो काय करतो? एकटाच डोंगरावर निघून जातो. गर्दी किती लवकर फिरते हे त्याला ठाऊक होते. झावळ्यांचा रविवार आणि शुभ शुक्रवार यांच्यात फक्त चार दिवस आहेत. या काळात क्रूसाची वाट करताना आपण हे दर शुक्रवारी पाहतोच.

पण गर्दीपासून दूर जाणारा येशू माणसापासून दूर गेला नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. सगळीकडून रेटारेटी चालू आहे, शिष्य म्हणतात, एवढ्या लोकांत कोणी हात लावला ते काय विचारता? तरी येशू थांबतो, वळतो आणि तिला शोधतो. ती दिसेपर्यंत पुढे जात नाही. मग तिला कन्या म्हणून हाक मारतो. गर्दी एका माणसाकडे पाहते आणि त्याचा तमाशा करते. येशू गर्दीकडे पाहतो आणि त्यातला एक माणूस शोधून काढतो. या दोन नजरांपैकी आपली नजर कोणती, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आमची कबुली

आता इतरांना बोल लावणे थांबवून आम्ही आमच्याविषयी सांगतो. पेढे वाटले गेले त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. मिशन रविवार जवळ आला होता आणि तरुणांची वाचनाची तयारी चालली होती. त्यात एक मुलगा होता. आजीजवळ राहणारा, शाळा सुटल्यावर गाड्या दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा. त्याने पहिले वाचन मागितले. आम्ही पुस्तक त्याच्या हाती दिले. तो पहिल्याच ओळीत अडखळला, संदेष्ट्याचे नाव त्याला उच्चारता येईना. मागच्या बाकावरून कोणीतरी हसले, मग सगळेच हसले. हसणाऱ्यांच्या मोबाईलवर त्या आठवड्यात सूरजचे छायाचित्र होते.

आणि आम्ही? आम्हीही हसलो. फार नाही, थोडेसे. मग 'वेळ कमी आहे' असे म्हणून त्याच्या हातातून पुस्तक घेतले आणि चांगले वाचणाऱ्या मुलीला दिले. त्या रविवारी वाचन अगदी छान झाले. तो मुलगा मात्र त्यानंतर मिस्साला आत येईनासा झाला. आला तरी फाटकाजवळ उभा राही. हे आमच्या लक्षात यायला कितीतरी महिने लागले, तेही त्याच्या आजीने सांगितले तेव्हा. ती म्हणाली, "फादर, तो तुमच्यावर रागावलेला नाही. त्याला वाटतंय, आपलंच चुकलं, आपण मागायलाच नको होतं."

बंधू-भगिनींनो, तत्त्वज्ञानाची पुस्तके आम्ही पुष्कळ वाचली. त्यांतल्या कोणत्याही पानाने आम्हाला त्या एका वाक्याइतके खाली पाहायला लावले नाही. वाचता न येणारा मुलगा पडद्यावर होता तेव्हा तो आम्हाला आवडला. तोच मुलगा आमच्यासमोर पुस्तक धरून उभा राहिला तेव्हा आम्हाला वेळ नव्हता. पडद्यावरच्या गरिबाला मत देणे सोपे असते. त्याला आपल्या घरी जेवायला बोलवावे लागत नाही, त्याच्यासाठी थांबावे लागत नाही. संत याकोब आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला फटकारतात. आम्ही तर फाटकाशी जागा दिली.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली आहे. त्याचे नाव सांगायचे नाही या अटीवर हे लिहायला त्याने होकार दिला.

या चाळीस दिवसांत

उपवास म्हणजे केवळ मटण-मासे सोडणे नव्हे, हे आपण दरवर्षी ऐकतो. यंदा तीन साध्या गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट. दर शुक्रवारी सिनेमा-मालिकांतल्या माणसांच्या खासगी आयुष्याच्या बातम्यांचा उपवास करावा. कोणाचे लग्न मोडले, कोण कोणासोबत दिसले, हे एक दिवस कळले नाही तर आपले काही अडत नाही. चांगला चित्रपट पाहायला, चांगले गाणे ऐकायला आमची काहीच हरकत नाही. कलावंताची कला आपल्यासाठी असते, त्याचे घर आपल्यासाठी नसते.

दुसरी गोष्ट. कोणतीही बातमी पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारावे की हे खरे आहे का, आणि त्या माणसाच्या तोंडावर मी हे बोलू शकेन का? दोन्हींचे उत्तर 'होय' नसेल तर बोट आवरावे. आधीच पाठवून बसला असाल, तर ज्या गटात पाठवले त्याच गटात 'मी चुकलो' असे लिहावे. हे अवघड आहे. म्हणूनच ते प्रायश्चित्त आहे.

तिसरी गोष्ट. ज्याला कोणीच मत देत नाही असा एक माणूस शोधावा. फार लांब जायला नको. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कोणत्याही कारखान्याच्या वाटेवर ऊसतोड कामगारांच्या कोप्या आहेत. त्यांच्या मुलांचे शिक्षण दर हंगामात तुटते. एमआयडीसीत परगावाहून आलेली, एका खोलीत चार-पाच जण राहणारी मुले आहेत. आपल्याच वस्तीत एकटे राहणारे म्हातारे आहेत. त्यांच्यापैकी एकाचे नाव माहीत करून घ्यावे, त्याच्याशी बोलावे, आणि त्याचा फोटो काढू नये. मदत करतानाचा व्हिडिओ हीसुद्धा मंदिराच्या टोकावरून मारलेली उडीच आहे.

आपल्या तरुणांना कार्लो अकुतिस यांचे नाव परिचित आहे. मिलान शहरात वाढलेला, संगणकाची आवड असलेला हा मुलगा 2006 साली अवघ्या 15 व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. त्याच्याजवळही संगणक होता, इंटरनेट होते. त्याने ते वापरून पवित्र मिस्साबलिदानाशी संबंधित चमत्कारांची माहिती लोकांपुढे मांडली, स्वतःला मांडले नाही. आज त्याची चित्रे आपल्या मुलांच्या मोबाईलच्या मागे दिसतात. चांगलेच आहे. पण त्यालाही आपण आणखी एक 'स्टार' करून ठेवू नये. रोजच्या मिस्साला जाणारा आणि रस्त्यावरच्या बेघरांची विचारपूस करणारा तो मुलगा आपल्याकडून टाळ्या मागत नाही.

जाता जाता एक सूचना. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत चार-पाच जण वाचनाचा सराव करण्यासाठी जमतात. त्यांत मुले आहेत, तशा दोन आजीबाईही आहेत. सिस्टर शिकवतात, आम्ही ऐकतो. आणखी कोणाला यायचे असेल तर अवश्य यावे, लाजू नये. या प्रायश्चित्तकाळात एखाद्या रविवारी पहिले वाचन नेहमीपेक्षा हळू होईल. एखादा शब्द तुटेल, एखादे नाव दोनदा म्हटले जाईल. त्या वेळी कृपा करून घड्याळाकडे पाहू नका आणि मागे वळून हसू नका. वाचणारा माणूस पुढच्या ओळीपर्यंत पोहोचेपर्यंत आपण सर्वांनी थांबू या. प्रभू त्या गर्दीत एका स्त्रीसाठी थांबला होता, तसे.

टाळ्या वाजवायचीही गरज नाही. वाचन संपल्यावर देवाला धन्यवाद, एवढे सर्वांनी मोठ्याने म्हणावे.

प्रभू आपणा सर्वांना हा पवित्र काळ फलदायी करो आणि पवित्र मरिया आपल्या घरांसाठी विनंती करो.

आपले धर्मगुरू